नोंद असलेले उड्डाण

कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली. आपल्या भागातील वृद्धांच्या बोलण्यात तिचा उल्लेख आजही येतो. परंतु त्याही आधी आपल्या मराठी माणसांपैकी आकाशात कोण गेले, असा प्रश्न ठाणे-डोंबिवलीच्या घरांत निघाला, की बहुधा एकच नाव पुढे येते : शिवकर बापूजी तळपदे.

तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यरहित विमान सुमारे 1500 फूट उंच उडविले, असे सांगतात. 2015 साली त्यांच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. मात्र त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, आणि त्या वर्षीचा विश्वासार्ह लेखी दाखलाही कोणी पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ही कथा जोडली जाते, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 1974 साली प्रसिद्ध केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. याउलट राईट बंधूंचे 17 डिसेंबर 1903 चे पहिले उड्डाण अवघे 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे; पण त्याला पाच साक्षीदार होते आणि त्याचे छायाचित्रही आहे.

नोंदीचे मोल आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना कोणी नव्याने सांगावयास नको. आमच्या आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा आणि विवाह आम्हाला कळतो तो धर्मग्रामाच्या नोंदवहीमुळेच. म्हणून हीच कसोटी आम्ही आमच्या माणसांनाही लावली पाहिजे. बार्तोलोमेऊ द गुस्मांव या धर्मगुरूंनी लिस्बन येथे स्वतः आकाशसंचार केला, अशी आख्यायिका आहे. सत्य एवढेच, की 1709 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजासमोर उष्ण हवेने भरलेला कागदाचा लहानसा फुगा वर चढवून दाखविला. हे सत्यही काही थोडे नाही. तळपदे यांच्या जिज्ञासेचाही आम्ही आदरच करतो. प्रश्न आहे तो केवळ पुराव्याचा.

खंत ही, की पुरावा असलेल्या माणसाला आम्ही विसरलो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढाऊ वैमानिक झालेल्या चार हिंदी तरुणांपैकी श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरोल सेन हे इतर तिघे. वेलिणकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा विद्यार्थी. हिंदी तरुणांना त्या काळी वैमानिक दलात अधिकारी म्हणून सहजासहजी घेत नसत. तरीही तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला आणि 23 व्या स्क्वॉड्रनमधून ‘डॉल्फिन’ जातीचे एकासनी लढाऊ विमान चालवू लागला. 27 जून 1918 रोजी तो गस्तीवर गेला, तो परतलाच नाही. घायाळ अवस्थेत तो जर्मनांच्या हाती लागला आणि तीन दिवसांनी, 30 जून रोजी, मरण पावला. वय अवघे 23 वर्षांचे. जर्मनांच्या नोंदीत त्याचे नाव अशुद्ध उतरल्यामुळे युद्धानंतर त्याच्या कबरीचा शोध घ्यावा लागला. फ्रान्समधील हांगार गावच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आज उभा आहे.

दूर देशात एका चुकलेल्या नोंदीमागे कोणी तरी गेले आणि वेलिणकरला त्याचे नाव परत मिळाले. आम्ही तर बरोबर असलेली नोंदही उघडून पाहिली नाही. आमच्या मुलांनी विमानाकडे बोट दाखवून विचारले, ‘आपल्यातले पहिले कोण?’, तर त्यांना सुरस कथा जरूर सांगावी; पण कथा म्हणून. आणि तिच्यानंतर, इतिहास म्हणून, हे नाव सांगावे.