तबकडीची तीन मिनिटे

१९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीसाठी मुद्रित करून घेतले. आपल्या रागसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास या घटनेपासून सांगण्याचा प्रघात आहे. गाणे संपता संपता बाई इंग्रजीतून आपले नाव पुकारीत. त्या काळी तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत आणि गाणे कुणाचे हे तेथील कारागिरांना कळावे, असा त्यामागे हेतू होता. कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला तो १९०८ साली.

या नव्या यंत्राच्या दोन अटी होत्या. गाणे तीन-साडेतीन मिनिटांत संपले पाहिजे. आणि १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायिले पाहिजे. ज्या खयालाची बढत तासभर चालावयाची, त्याला ही मोजपट्टी लावणे म्हणजे वटवृक्ष कुंडीत लावण्यासारखेच होते. गौहरजान यांनी मात्र ही अट अक्कलहुशारीने पेलली. स्थायी-अंतरा, मोजक्या ताना, शेवटी नाव, असा सुबक साचा त्यांनी बसविला. अनेक भाषांतून त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती अशा घरांतही त्यांचे नाव पोहोचले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्या आपल्या काळच्या पहिल्या ‘इन्फ्लुएन्सर’ ठरल्या. परंतु त्यांचे गाणे त्या कीर्तीच्या आधी तयार झालेले होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

सर्वांनाच हे मानवले नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली निवर्तले. त्यांची एकही तबकडी नाही. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचीही नाही. बुवांचा जन्म १८६९ साली बडोदे परिसरातील कठोर गावचा, म्हणजे तेही महाराष्ट्राबाहेरचेच मराठी गृहस्थ. ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली १९१६ पासून आजवर घरोघर गायिल्या जातात, पण त्या बांधणाऱ्याचा गळा कसा होता हे सांगणारा श्रोता आता उरलेला नाही. अशा अलिप्ततेचे गोडवे गाणे सोपे असते. तिची किंमत मात्र पुढच्या पिढ्या मोजतात. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या रूपाने खाँसाहेबांची विद्या आणि मास्तर कृष्णराव यांच्या रूपाने बुवांची विद्या आपल्यापर्यंत पोहोचली, हे आपले भाग्य. तरीही मूळ स्वर गेला तो गेलाच, आणि ही हानी थोडी आहे असे मला वाटत नाही.

अब्दुल करीमखाँसाहेबांची वाट तिसरी. चौथ्या दशकात मुद्रित झालेल्या त्यांच्या तबकड्या ऐकाव्यात. वेळ तेवढाच, पण कोठे घाई नाही. खाँसाहेब तीन मिनिटांत सगळा राग कोंबू पाहत नाहीत. त्याची एकच बाजू घेतात आणि तिच्यातच स्वर लावून बसतात. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल या आडस्थानकावर त्यांचे देहावसान झाले. मात्र त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने त्याआधीच एका मुलाला वेड लावले होते. गदगचे भीमसेन जोशी ती ऐकून अकरा-बारा वर्षांच्या वयात घराबाहेर पडले, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर अशी वणवण करून परतले आणि अखेर कुंदगोळला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायाशी बसले. त्या तबकडीने मुलाला तबकडीपाशी थांबविले नाही, गुरूच्या दारी धाडले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथेच आहे.

केसरबाईंनी तबकड्या दिल्या, पण हात आखडूनच. त्यांचे खरे गाणे मैफलीतले, आणि तेही अवघड, आपल्याच तोऱ्यातले. ‘सूरश्री’ ही पदवी त्यांना १९४८ साली मिळाली ती मुंबई-पुण्यात नव्हे, कलकत्त्यात. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात झेपावली तेव्हा त्यांच्यासोबतच्या सुवर्ण-तबकडीवर बाईंची भैरवी होती. तीही साडेतीन मिनिटांचीच!

काळाची गंमत अशी की इन्स्टाग्रामवरील रील २०२० साली आली ती पंधरा सेकंदांची. ती वाढत वाढत जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटांवर, म्हणजे बरोबर जुन्या तबकडीच्या मापावर येऊन ठेपली. तेव्हा वेळेची तक्रार आता कुणी करू नये. फरक दुसरीकडे आहे. तबकडीचा खप गायकाला कळे तो कालांतराने, दुकानदाराकडून. आज गळ्यातला स्वर विरण्यापूर्वी पसंतीचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि पुढचे गाणे त्या आकड्याकडे पाहून निवडले जाते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत श्रोता निसटू नये म्हणून तान आधी येते, षड्ज मागाहून. कधी कधी तो येतच नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. आपल्या मुलांच्या कानी मराठी गाणे पडते ते बहुधा या लहान पडद्यावरूनच, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांच्या कानी ते कर्ण्यातून पडलेच होते. परंतु गणेशोत्सवासाठी कलावंत ठरविताना ‘यांचे फॉलोअर किती?’ हा प्रश्न आता कार्यक्रम-समित्यांच्या बैठकीत पहिल्याने विचारला जाऊ लागला आहे. ज्याने बारा वर्षे शिकून एकच यमन नीट बसविला आहे, अशा एखाद्या तरुणाचे नाव यादीत तळाशी राहते. त्याला दोन तासांची एक संध्याकाळ, एक चांगला तबलजी आणि समोर शे-दीडशे माणसे हवी असतात. मंडळाच्या सभागृहात या तिन्ही गोष्टी आजही मिळू शकतात.