दिनविशेष : २८ सप्टेंबर
नियोगींची हत्या (१९९१)

जॉर्ज सिमेनॉन यांच्या कादंबऱ्यांतला फ्रेंच पोलीस अधिकारी मेग्रे शेवटच्या पानांपर्यंत खुनाचा उलगडा करतो. भिलाईतल्या एका खुनाची फाईल मात्र सुमारे तेरा वर्षे न्यायालयांत फिरली.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे हुडको वसाहतीतल्या घरात कामगार नेते शंकर गुहा नियोगी झोपले होते. खिडकीतून गोळ्या आल्या आणि ४८ वर्षांचा हा माणूस गेला. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती.

ऐन तारुण्यात भिलाईच्या पोलाद कारखान्यात आलेल्या नियोगींनी दल्ली-राजहराच्या लोहखाणींतल्या ठेकेदारी मजुरांची संघटना बांधली. तिथल्या मजुरांनी १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभे केले. संघटनेने दवाखाना चालवावा, दारूबंदीसाठी लढावे, हे त्या काळात किती वेगळे होते! अखेरच्या वर्षांत ते भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या मजुरांसाठी लढत होते.

तपास सीबीआयकडे गेला. जिवाला धोका असल्याचे नियोगींनी डायरीत लिहिले होते, टेपवरही बोलून ठेवले होते. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये गोळी झाडणाऱ्या पलटन मल्लाहला फाशी आणि काही उद्योजकांसह इतरांना जन्मठेप सुनावली. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मल्लाहला जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका कायम राहिली.

खून करवणारा कोण, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही.