दीपाबाईंचं बंगळूर

नवरा-बायकोचं नातं निकोप राहायला प्रेमाइतकीच आणखी एक गोष्ट लागते: बायकोच्या शब्दाला घरात वजन असणं. बंगळूरच्या मराठी इतिहासात याचा एक ठसठशीत दाखला आहे. शहाजीराजांच्या या जहागिरीचे वारस व्यंकोजीराजे 1677 मध्ये थोरल्या भावाशी, शिवाजी महाराजांशी, वाटणीवरून लढले आणि हरले. मन खचलेल्या नवऱ्याला पत्नी दीपाबाईंनी समजावलं, कारभारी रघुनाथपंत हणमंत्यांना मध्ये घालून समेट करायला लावला. मग झालेल्या तहात महाराजांनी बंगळूर, होसकोटे आणि शिरे हा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. त्यातली अट तर फारच बोलकी आहे: कारभार मुलांनी पाहावा, पण उत्पन्न दीपाबाई देतील त्या मुलीनं खावं.

कुणी म्हणेल, नवरा-बायकोचा तो संवाद बखरकारांनी मागाहून रंगवलेला. आणि बंगळूर देणं ही भावाची अब्रू राखण्याची राजनीती. संवादातले शब्द मीही खरे धरत नाही. राजनीतीही होतीच. पण नुसती अब्रूच राखायची, तर मुलूख पुतण्यांच्या नावे करता आला असता. तो दीपाबाईंच्या नावे झाला, कारण या घरात पडतं घेऊन सांधणारं माणूस कोण, हे महाराजांनी ओळखलं होतं. सल्ला देणारीच्या हाती स्वतःचं उत्पन्न असावं, ही जाण मला त्या काळात विलक्षण वाटते. दहा वर्षांतच, 1687 मध्ये, मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाखांना ते म्हैसूरकर चिक्कदेवराजांकडे गेलं. दीपाबाईंचे तिन्ही मुलगे मात्र वडिलांच्या तंजावरच्या गादीवर एकापाठोपाठ बसले.