ब्रिटनमधील तात्पुरते काम : व्हिसा, एजन्सी आणि बारा आठवड्यांचा नियम

जोडीदाराच्या नोकरीमुळे ब्रिटनमध्ये आलेले पदवीधर, तसेच येथे शिक्षण पूर्ण करून कायम नोकरीच्या शोधात असलेले तरुण, यांपैकी अनेकांची सुरुवात एजन्सीमार्फत मिळालेल्या काही आठवड्यांच्या कामाने होते. येथे त्याला ‘टेम्पिंग’ म्हणतात. अशा कामाला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. परंतु ते माहीत असणाऱ्यालाच मिळते. उलट, व्हिसाची एखादी अट मोडली, तर पुढचा प्रत्येक अर्ज अडचणीत येऊ शकतो.

काम करण्याचा अधिकार

‘स्किल्ड वर्कर’ व्हिसाधारकाच्या जोडीदाराला व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक ही कामे वगळता कोणतेही काम करता येते. ‘ग्रॅज्युएट’ व्हिसावरही प्रायोजक कंपनीची गरज नसते. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सत्रकाळात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. ती सर्व कामांची मिळून असते आणि तिची सरासरी काढता येत नाही. एका आठवड्यात २५ तास आणि पुढच्यात १५ तास काम केल्यासही अटीचा भंगच होतो. विद्यार्थ्यांना स्वयंरोजगाराचीही मुभा नाही. स्वतः ‘स्किल्ड वर्कर’ असलेल्यांना मूळ नोकरी सांभाळून, तिच्या वेळेबाहेर, विहित अटींवर २० तासांपर्यंत पूरक काम करता येते.

भारतातून येऊ इच्छिणाऱ्या १८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ आहे. सोडतीत निवड झाल्यास आणि २,५३० पौंडांची शिल्लक दाखविल्यास दोन वर्षे राहून काम करता येते. ही संधी एकदाच मिळते.

विनापरवाना काम करणे हा २०१६ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार फौजदारी गुन्हा असून त्यातून मिळालेला पगार जप्त होऊ शकतो. काम देणाऱ्यालाही पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होतो. म्हणूनच एजन्सी ‘शेअर कोड’ मागते. तो सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो आणि ९० दिवस चालतो.

कोणती कामे मिळतात

व्यावसायिकांसाठी सर्वांत उपयुक्त संधी ‘मॅटर्निटी कव्हर’ची. येथे प्रसूती रजा ५२ आठवड्यांपर्यंत असल्याने तेवढ्या काळासाठी लेखापाल, विश्लेषक, प्रकल्प समन्वयक अशी पदे भरली जातात. ३१ जानेवारी ही वैयक्तिक करविवरणाची मुदत असल्याने त्याआधी लेखा कार्यालयांत मदतनीस लागतात. मे-जूनमध्ये शाळांना परीक्षा पर्यवेक्षक, तर नाताळपूर्वी दुकाने, गोदामे आणि टपालसेवेला जादा माणसे लागतात. अनेक एनएचएस रुग्णालयांची तात्पुरत्या कर्मचाऱ्यांची स्वतःची ‘बँक’ असते. तिच्यात थेट नाव नोंदविता येते.

एजन्सी आणि करार

काम शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास १९७३ च्या कायद्याने मनाई आहे. मनोरंजन आणि मॉडेलिंग ही क्षेत्रे त्याला अपवाद आहेत. नोकरीच्या बदल्यात आगाऊ पैसे मागणाऱ्याशी व्यवहार करू नये.

करारापूर्वी ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ मागून घ्यावे. ६ एप्रिल २०२० पासून ते देणे बंधनकारक आहे. पगार एजन्सी देणार की ‘अंब्रेला कंपनी’, हे त्यात पाहावे. अंब्रेला कंपनीमार्फत काम केल्यास जाहिरातीतील दरातूनच मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स आणि त्या कंपनीचे शुल्क वजा होते. त्यामुळे दोन दरांची तुलना करताना दर ‘पीएवायई’चा आहे की अंब्रेलाचा, हे आधी विचारावे.

बारा आठवड्यांचा नियम

१ ऑक्टोबर २०११ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये लागू असलेल्या नियमांनुसार एजन्सी कामगाराला पहिल्या दिवसापासून कंपनीचे उपाहारगृह आणि तत्सम सामाईक सुविधा वापरता येतात, तसेच तेथील रिक्त जागांची माहिती मिळते. त्याच कामावर बारा आठवडे पूर्ण झाल्यावर वेतन, कामाचे तास आणि सुट्ट्या थेट नेमलेल्या कर्मचाऱ्याइतक्याच मिळाल्या पाहिजेत. एखाद्या आठवड्यात एकच दिवस काम झाले, तरी तो आठवडा मोजला जातो. सहा आठवड्यांहून अधिक खंड पडल्यास मोजणी सर्वसाधारणपणे नव्याने सुरू होते. मात्र कंपनीच्या नेहमीच्या बंद काळात ती केवळ थांबते. म्हणून कामाच्या दिवसांची नोंद स्वतःकडे ठेवावी.

वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा तात्पुरत्या कामगारालाही कामाच्या प्रमाणात मिळते. तिचे पैसे दरातच धरले असतील, तर पगारपत्रकावर ते स्वतंत्रपणे दाखविलेले असावेत.

कर

करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न सामान्यतः करमुक्त असते. पहिल्या कामावर ‘स्टार्टर चेकलिस्ट’ भरावी. अन्यथा चुकीच्या कर-संकेतांकामुळे जादा कर कापला जाऊ शकतो. काम सोडताना ‘पी४५’ घ्यावा आणि पुढच्या मालकाला द्यावा. कामाचा अधिकार सिद्ध होत असल्यास नॅशनल इन्शुरन्स क्रमांक येण्यापूर्वीही काम सुरू करता येते.

वेतन किंवा रजेबाबत वाद उद्भवल्यास ‘एकास’ ही सार्वजनिक संस्था विनामूल्य सल्ला देते. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत बहुधा महिन्यांत मोजली जाते. त्यामुळे काम संपण्याची वाट न पाहता सल्ला घ्यावा.