पेण-रोह्याचे खारबांध

पेण व रोहें हीं शहरें समुद्रापासून दूर आहेत, असें नकाशा पाहणारास वाटेल. पण तें सर्वस्वीं खरें नव्हे. अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते आणि कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीस. या दोन वाटांनीं समुद्राची भरती दिवसांतून दोन वेळां आंत शिरते. पेणचें जुनें बंदर अंतोरें येथें होतें, आणि रोह्यापर्यंत भरतीबरोबर होड्या येत असत. ज्या पाण्यानें या गांवांस व्यापार दिला, तेंच पाणी त्यांच्या दाराशीं संकटही आणितें. त्यास थोपवून धरणाऱ्या मातीच्या भिंतींचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पेणच्या पश्चिमेस वाशी, शिर्की, वढाव आदि गांवांच्या मुलखास खारेपाट म्हणतात. ही भूमि मूळची खाजण; मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल. पूर्वजांनीं खाडीच्या कडेनें चिकण मातीचा बांध घातला. त्यास बाहेरकाठा म्हणतात. पावसाच्या गोड्या पाण्यानें आंतील क्षार धुवून काढला आणि तेथें भात पिकविलें. थोडा खारेपणा सोसणारे काळा रता व भुरा रता हे भात याच मातीचे. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी ठेवीत. ओहोटीस आंतील पाण्याच्या दाबानें तिची झडप उघडते, व भरती येतांच बाहेरच्या दाबानें ती आपोआप मिटते. बांधाबाहेर तिवरांची रांग राखीत. ती लाटेचा जोर मोडी.

परंतु मातीची भिंत एकदां बांधून भागत नाहीं. खेकड्याच्या एका बिळांतून पाणी झिरपूं लागतें, आणि अमावास्येच्या उधाणांत त्याच जागीं खांड पडते. म्हणून बांधणाराइतकेंच राखणाराचें महत्त्व. ज्यांनीं भांडवल घालून खाजणें उठविलीं ते शिलोत्रदार; बाहेरकाठ्याच्या डागडुजीसाठीं ते कुळांकडून धान्याचा ठराविक वांटा घेत. कित्येक गांवीं जोळाची रीत होती. घरटीं माणूस बांधावर जाई, आणि खांड पडली तर रात्रही न पाहतां सारा गांव माती वाहूं लागे.

या व्यवस्थेंत न्याय मात्र पुरता नव्हता. चिखल तुडविणारें कूळ जमिनीचें धनी नसे. धरमतर खाडीपलीकडील अलिबाग तालुक्यांत चरी येथें श्री. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनीं संप चालविला. पुढें खोती गेली व कूळकायदा आला. याच सुमारास, १९४८ सालीं, मुंबई सरकारनें खारभूमीचा कायदा केला. १९७९ सालीं महाराष्ट्र सरकारनें नवा कायदा करून हें काम हातीं घेतलें. कसणारा धनी झाला, ही मोठीच गोष्ट. परंतु बांध सरकारचा, अशी समजूत रुजली व जोळाची रीत मागें पडली. आज खांड पडली, तर गांव कचेरीच्या तोंडाकडे पाहतो आणि कचेरी मंजुरीच्या कागदाकडे. तोंवर शेतांत भरती खेळते आणि तिवरें उगवतात. बांधाबाहेर तींच तिवरें रक्षक. बांधाआंत उगवलीं कीं तें शेत गेलें म्हणावें. शिवाय तिवरांस आतां कायद्याचें संरक्षण आहे, व तें योग्यच आहे. त्यामुळें एकदां हातचें गेलेलें शेत परत मिळणें कठीण.

हें केवळ शेतकऱ्याचें दुःख, असें शहरवासीयांनीं मानूं नये. डोंगरांत अतिवृष्टि व खाडींत उधाण एका वेळीं आलें, तर उघाड्या उघडत नाहींत. नदीचें पाणी तुंबून वस्तीकडे वळतें. जुलै १९८९ मध्यें अंबेच्या पुरानें जांभूळपाड्याचा जो संहार केला, तो वृद्धांस आठवत असेल. २६ जुलै २००५ चा प्रलय सर्वांस ठाऊकच आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां वारा ताशीं ११० ते १२० किलोमीटर वेगानें वाहत होता. छपरें उडालीं, माडा-पोफळीच्या बागा झोपल्या. वाऱ्यास बांध अडवूं शकत नाहीं. पण त्याबरोबर चढणारें पाणी त्यालाच अडवावें लागतें.

आपणां कॅथॉलिकांस हा विषय परका नाहीं. रोह्याची कुंडलिका जेथें समुद्रास मिळते, तेथेंच कोर्लईस आपले बंधु पोर्तुगीज काळापासून नांदत आहेत. भरती रोह्याकडे निघते ती त्यांच्या अंगणावरूनच. गोव्यांत खाजणांचे बांध व मानशी गांवकरीनें शतकानुशतकें सांभाळल्या. सुधारलेल्या हॉलंडांतही, बांध दुर्बळ राहिल्यामुळें, १९५३ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं एका रात्रीच्या तुफानानें १,८३६ माणसें घेतलीं. त्या राष्ट्रानें शोक आवरून पुन्हां बांध घातले, आणि आजही तें त्यांची नित्य पाहणी करितें.

ज्युबिलीच्या वर्षीं पूर्वजांनीं काय उभारलें याची आपण मोजदाद करतों. खारेपाटाच्या पूर्वजांनीं भिंत उभारली, आणि तीबरोबर ती राखण्याची संवयही. सरकारनें दगड, यंत्रें व पैसा द्यावा. तें त्याचें कर्तव्यच आहे. पण खेकड्याचें बीळ पहिल्या दिवशीं दिसावयाचें तें बांधावरून चालणाऱ्या माणसासच. तो माणूस पुन्हां बांधावर गेला पाहिजे, आणि त्याची हांक त्याच दिवशीं ऐकली गेली पाहिजे. पेण-रोह्याच्या रक्षणाचा आरंभ तेथूनच होईल.