पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली. मग तुमचं बिल तेवढंच का?

एम्पाग्लिफ्लोझिन हे टाइप-2 डायबेटिसवरचं औषध. हृदय आणि किडनीच्या काही रुग्णांनाही डॉक्टर ते देतात. मूळ कंपनीची एक गोळी साधारण 60 रुपयांना मिळायची, म्हणजे महिन्याला 1,800 रुपये. 11 मार्च 2025 रोजी या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणलं. 10 मिलिग्रॅमची सर्वांत स्वस्त गोळी साडेपाच रुपयांच्या आसपास आली. महिन्याचा खर्च सुमारे 165 रुपये.

किंमत का उतरते?
पेटंट म्हणजे अर्ज केल्यापासून 20 वर्षं ते औषध बनवण्याचा आणि विकण्याचा एकाच कंपनीचा हक्क. 1970च्या कायद्यानुसार भारतात औषध बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळायचं. 2005पासून औषधालाही मिळू लागलं. मुदत संपली की सरकारी परवाना घेऊन इतर कंपन्याही ते बनवू शकतात. यालाच जेनेरिक म्हणतात. नव्या कंपन्यांना मूळ संशोधनाचा खर्च नसतो, शिवाय स्पर्धा वाढते.

हे बनतं कुठे?
दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत सिप्ला आणि एमक्युअरचे औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. देशभर असे कारखाने असल्यामुळेच पेटंट संपताच जेनेरिक गोळ्या लगेच दुकानात येऊ शकतात.

मग बिल का कमी होत नाही?
शिरूर असो की दौंड, मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवली तर जुनाच ब्रँड मिळणार. 'शेड्यूल एच'मधल्या औषधांसाठी चिठ्ठीवर एक ब्रँड लिहिलेला असताना दुकानदाराला परस्पर दुसरा देता येत नाही, मग आतलं औषध तेच का असेना.

तुम्ही काय कराल?
• पाकिटावर ब्रँडच्या नावाजवळ औषधाचं मूळ नाव असतं. ते आणि मिलिग्रॅम लिहून ठेवा.
• पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, "याचं पेटंट संपलंय का? स्वस्त ब्रँड लिहून देता का?"
• मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी जनऔषधी केंद्रातही दाखवा.
• गोळी स्वतःच्या मनाने बदलू नका आणि महाग पडते म्हणून एक दिवसाआडही घेऊ नका.