उतारवयाचा विमा : अटींचा इतिहास आणि हक्कांचे वाचन

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी धनत्रयोदशी होती. धन्वंतरी जयंतीचा तो मुहूर्त साधून केंद्र सरकारने सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू केले. उत्पन्न किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, पूर्वी नोकरी कुठे होती, हे काहीही न विचारता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार त्यात धरला आहे. वयाचा पुरावा आधार कार्डावरून. भारतातील आरोग्यविम्याच्या इतिहासात ही गोष्ट उलट्या दिशेची होती. तोवर वय हे विमा नाकारण्याचे कारण होते. इथे प्रथमच वय हीच पात्रता ठरली. हा उलटा प्रवास कसा झाला आणि तो होऊनही ज्येष्ठांचा खिसा का रिकामा होतो, हे पाहण्यासाठी मागे जावे लागते.

नोकरी होती तोवर

दुसरे महायुद्ध चालू असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्याच्या पायावर कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. दरम्यान १९४६ मध्ये भोर समितीने, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असे तत्त्व मांडले होते. प्रत्यक्षात मात्र विमा कामगाराला मिळाला, नागरिकाला नाही. पगारातून वर्गणी कापली जात होती तोवर दवाखाना होता; गिरणीचा भोंगा ज्याच्यासाठी थांबला, त्याचा दवाखानाही थांबला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सीजीएचएसने पेन्शनरांना सामावून घेतले, पण तो वर्ग लहान होता.

ईएसआयने पुढे निवृत्तांसाठी एक खिडकी उघडली. निदान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला, पती किंवा पत्नीसह, वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! ही सवलत आजही आहे आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या अनेकांना ती ठाऊक नसते. हक्क कागदावर असणे आणि तो माहीत असणे यांतले अंतर आपल्या विषयात पुढेही वारंवार भेटेल.

मेडिक्लेमचे आगमन

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ च्या सुरुवातीला अमलात आले. कलकत्ता, मुंबई, दिल्ली आणि मद्रास अशा चार शहरांत मुख्यालये असलेल्या चार सरकारी कंपन्या उरल्या. त्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला. याच सुमारास प्राप्तिकर कायद्यात ८०-डी हे कलम आले आणि प्रीमियमवर करसवलत मिळू लागली. मध्यमवर्गाने मेडिक्लेम घेतला तो बराचसा मार्चअखेरीला, कर वाचवण्यासाठी. पॉलिसीची पाने वाचून ती घेणारा विरळाच.

त्या पानांमध्येच खरी गोष्ट होती. विमा हा ‘परम विश्वासाचा’ करार मानला जातो. म्हणजे प्रकृतीविषयी जे ठाऊक आहे ते विमा घेणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. एजंटाने भरलेल्या अर्जावर सही केली आणि मधुमेह किंवा रक्तदाब लिहायचा राहिला, की दहा वर्षांनंतरच्या हृदयविकाराचा क्लेमही ‘माहिती दडवली’ म्हणून फेटाळला जाऊ शकत असे. दुसरी अडचण नूतनीकरणाची. पॉलिसी दरवर्षी नवी होत असल्याने, आजारी पडलेला ग्राहक पुढच्या वर्षी नको, असे कंपनी म्हणू शके. ज्या वयात विमा उपयोगी पडायचा, त्याच वयात तो हातातून सुटायचा.

बिमन कृष्ण बोस यांचे प्रकरण याच कारणाने सर्वोच्च न्यायालयात गेले. आधीच्या क्लेमवरून ग्राहकाने दाद मागितली होती, म्हणून सरकारी कंपनीने मेडिक्लेमचे नूतनीकरण नाकारले. सरकारी कंपनीला असे मनमानी वागता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने २००१ मध्ये दिला. हा निकाल लागला तेव्हा खासगी कंपन्या बाजारात उतरल्या होत्या, विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले होते आणि कॅशलेस सेवा देणाऱ्या टीपीएंसाठी नियमही त्याच वर्षी आले. मात्र याच दशकात ज्येष्ठांचे प्रीमियमही झपाट्याने वाढले. तक्रारी इतक्या झाल्या, की प्राधिकरणाला ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली.

त्यानंतर अटी एकेक करून सैल होत गेल्या. १ ऑक्टोबर २०११ पासून, काढलेली वर्षे न गमावता एका कंपनीकडून दुसरीकडे जाता येऊ लागले. २०१३ च्या नियमांनी आजीवन नूतनीकरण दिले आणि निदान ६५ वर्षांपर्यंत नव्याने प्रवेश देणे बंधनकारक केले. २०२४ मध्ये ही ६५ ची रेघही पुसली गेली. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आली. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज ‘माहिती दडवली’ हे कारण आता चालत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक बंधन घातले : पूर्वसल्ल्याशिवाय ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा नाही. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला.

सरकारी वाट

याच्या समांतर दुसरी वाट तयार होत होती. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीस हजारांचे संरक्षण होते. रक्कम लहान, पण वयाची अट नाही आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरलेला. मेडिक्लेमला जे अशक्य वाटत होते, ते इथे सहज लिहिले गेले. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना दीड लाखांच्या मर्यादेने सुरू झाली. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाले आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

मर्यादा मात्र ओळखाव्यात. या योजना योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू आहेत. बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याची औषधे त्यांत येत नाहीत, आणि ज्येष्ठांचा नेमाचा खर्च तर तिथेच असतो. वय वंदना कार्डाचे पाच लाख हे घरातल्या सत्तरीपुढच्या सर्वांत मिळून आहेत. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआय असलेल्यांना हे कार्डही घेता येते. सीजीएचएससारखी सरकारी योजना असलेल्यांना मात्र दोहोंतून एक निवडावी लागते.

खोलीभाड्याचे गणित

अटी सैल झाल्या तरी बिलाचे गणित अवघड राहिले. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विमा तीन लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. रुग्णाने सहा हजारांची खोली घेतली व तो पाच दिवस राहिला. भाडे तीस हजार. शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्येचे ऐंशी हजार. औषधे व तपासण्या साठ हजार. एकूण बिल एक लाख सत्तर हजार. सामान्य समज असा, की भाड्यातला पंधरा हजारांचा फरक खिशातून जाईल. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून शल्यविशारदाच्या गटातील खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली साधने यांना ही कपात लावू नये, असा २०२० पासून नियम आहे. तेव्हा कंपनी देणार पंधरा, चाळीस आणि साठ, म्हणजे एक लाख पंधरा हजार. खिशातून गेले पंचावन्न हजार. दाखल होताना ‘माझ्या पॉलिसीत कोणती खोली बसते?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर यातला मोठा भाग वाचला असता.

मोतीबिंदूची वेगळी मर्यादा आणि प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा ग्राहकाने भरायचा तो को-पे, या अटीही अशाच. २०२० मध्ये सर्व कंपन्यांना सक्तीने आणायला लावलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत पाच टक्के को-पे आणि मोतीबिंदूला एका डोळ्यास फार तर चाळीस हजार, हे स्पष्ट लिहिले आहे. इतर पॉलिसींत ते शोधावे लागते. म्हणून १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले ग्राहक माहितीपत्रक देणे सक्तीचे झाले. ते मागितल्यास स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मिळायला हवे. पॉलिसी पटली नाही तर तीस दिवसांत परत करता येते. डिस्चार्जच्या वेळी कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशिरामुळे रुग्णालयाचा वाढीव आकार लागला, तर तो कंपनीने सोसायचा. क्लेम नाकारला गेला आणि कंपनीकडे तक्रार करूनही निकाल लागला नाही, तर मुंबई व पुणे येथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

विम्याबाहेरच्या काही नियमांनीही खर्च उतरतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली : साधा स्टेंट ७,२६० आणि औषधयुक्त २९,६०० रुपये. जनऔषधी केंद्रे २००८ पासून आहेत. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली.

समजावून सांगणारा माणूस

अमेरिकेने १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी ‘मेडिकेअर’ सुरू केले. पंचवीस वर्षांत ते इतके गुंतागुंतीचे झाले, की १९९० च्या कायद्याने राज्याराज्यांत मोफत सल्ला देणारी यंत्रणा उभारावी लागली. तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक ज्येष्ठांसमोर बसून त्यांचे कागद वाचतात. त्यांना काही विकायचे नसते, हे त्यांचे मोठे बळ.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी व्यक्ती म्हणजे फुले योजनेतील ‘आरोग्यमित्र’. पण तो रुग्णालयात भेटतो, म्हणजे आजार दारात आल्यावर. पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी मार्गदर्शक असतो तो एजंट, आणि त्याचे कमिशन त्या पॉलिसीत असते. गेल्या चाळीस वर्षांत न्यायालयाने, नियामकाने आणि सरकारने जे जे मिळवून दिले, ते ज्येष्ठांपर्यंत पोचवणारी कडी अजून जोडलेली नाही.

ती जोडण्याला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांत बँकांतून, विमा कंपन्यांतून आणि रुग्णालयांच्या लेखा विभागांतून निवृत्त झालेली माणसे आहेत. आठवड्यातून एक दिवस तासभर त्यांनी सभासदांच्या पॉलिसी वाचायला बसावे. खोलीभाडे किती, को-पे किती, प्रतीक्षा कधी संपते, साठ महिने कधी पुरे होतात, या चार गोष्टी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात. ज्यांना ईएसआयचे १२० रुपये किंवा वय वंदना कार्ड लागू आहे, त्यांचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. गरज एका टेबलाची आणि जाड भिंगाच्या चष्म्याची आहे.